मंजूर झालेली जमीन

"बाय, माझ्या पोराला जमीन मंजूर झाली," असं म्हणत ती आमच्या खोलीत शिरली, तेव्हा मला क्षणभर खरंच आनंद झाला. सरकारने चुकून का होईना कुणाला तरी काहीतरी दिलं, असं वाटलं. मग तिने पुढचं वाक्य उच्चारलं. "मंजूर झाली म्हणत्यात, मंग पोर का नाय सोडत?"

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शहापूरच्या एस.टी. स्टँडमागे एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या संस्थेची खोली होती. संस्था म्हणजे तरी काय, एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा तालुका गुरुजी म्हणायचा, आणि मी. मी वकिलीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवरची जी माणसं पोलीस आणि कोर्टाच्या कचाट्यात सापडायची, त्यांच्यासाठी आम्ही धावपळ करायचो. मदत हा शब्द मी मुद्दामच वापरत नाही. धावपळ मात्र पुष्कळ केली.

ती धसईच्या पलीकडच्या, डोंगराला टेकलेल्या एका वाडीवरून आली होती, दोन गाड्या बदलून. आदल्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती आणि आतून कुणीतरी बाहेर येऊन सांगितलं होतं, "जा मावशी, जामीन मंजूर झाला." तिने ऐकलं ते जमीन. तिच्या तोंडात हे दोन्ही शब्द एकच होते आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आयुष्यात जमीन हा शब्द तिने रोज ऐकलेला, दुसऱ्याच्या नावावरची म्हणून. जामीन हा शब्द तिच्या घरात यायला कारणच काय होतं?

मी तिला समजावलं. म्हटलं, मावशी, जामीन म्हणजे हमी. तुझा मुलगा पळून जाणार नाही, तारखेला हजर राहील, असं कोणीतरी कोर्टात लिहून द्यायचं. मग त्याला घरी सोडतात.

"मी देते की लिहून. अंगठा उठवते."

"तुझा चालत नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे असा माणूस लागतो. सातबाऱ्याचा उतारा घेऊन यायला लागतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे जमीनच ना," ती म्हणाली.

खाली गिरणीत कुणाचं तरी तांदळाचं पीठ पडत होतं आणि आमचं टेबल थरथरत होतं. गुरुजींनी तिला चहा मागवला.

मुलाचं प्रकरण असं होतं. नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. त्या दिवशी हा नदीत खेकडे धरत होता. शेतकऱ्याने ठाण्यात सांगितलं की वाडीवरचा एक जण तिथे फिरताना दिसला, आणि ठाण्याला तेवढं पुरलं. मोटर सापडली नाही. ती त्यानेच चोरली की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. इतकी जड मोटर एकट्याने खांद्यावर घालून तो गेला कुठे आणि विकली कुणाला, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, एवढं मात्र माहीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाला निदान लोक नमस्कार तरी करतात. याला कोणी ओळखतही नव्हतं.

कोर्टाने जामीन दिला होता. कोर्टाला मी दोष देणार नाही. कागदावर तो सुटलाच होता. फक्त उतारा घेऊन उभा राहणारा माणूस मिळेना, म्हणून कल्याणच्या तुरुंगात मंजूर झालेल्या जामिनासकट बसला होता.

गुरुजींच्या नावावर थोडी भातशेती होती. ते पूर्वी जामीन राहायचे. पण आदल्या वर्षी ज्याच्यासाठी ते उभे राहिले, तो दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. भट्टीवर गेलेल्या माणसाला तारीख कळवायची कुणी आणि मुकादमाने सोडायचं कशाला? तो तारखेला आला नाही, आणि गुरुजींनाच कोर्टाची नोटीस आली. त्यानंतर त्यांचा उतारा कोर्ट घेईना. माझ्या नावावर एक सायकल होती. मी वडिलांना विचारलं. आमची शेती आसनगावच्या बाजूला होती, स्टेशनपासून फार लांब नाही, आणि तिथल्या जमिनीकडे तेव्हापासूनच बिल्डर लोक टक लावून बसले होते. वडील जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आईचे दागिने माग, देतो. उतारा मागू नकोस." ते वाईट माणूस नव्हते. मला त्यांचा प्रचंड राग आला आणि मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. पण त्या काळात मी दुसऱ्या कुणाच्या वडिलांना विचारलं असतं, तरी हेच ऐकलं असतं.

अशा वेळी गुरुजी ठाणे शहरातल्या एका बैठकीहून परत आले ते हातात झेरॉक्सचा गठ्ठा नाचवतच. दिल्लीच्या एका मंत्रालयाची योजना होती. खटला सुरू व्हायच्या प्रतीक्षेत तुरुंगात पडलेल्या गरिबांना वकील द्यायचा, जामीन मिळवून द्यायचा, सुटल्यावर पायावर उभं करायचं, आणि हे काम स्थानिक संस्थांनी करायचं. पैसे केंद्राचे. गुरुजी म्हणाले, "आपल्यासाठीच काढलीय बघ." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी त्यांना तो गठ्ठा आधी वाचू द्या असं म्हटलं नाही.

आमची कल्पना साधी होती. गावोगावचे चार-दोन भले शेतकरी शोधायचे. त्यांनी वाडीवरच्या माणसाला जामीन राहायचं. आरोपीला तारखेला आणायची जबाबदारी आमची, भट्टीवरून आणायचा तर प्रवासखर्च योजनेचा, आणि शेतकऱ्याला नोटीस आली तर त्याचा वकील योजनेचा. गुरुजींनी याला नाव दिलं जामीनदार मंडळ. हे सगळं इंग्रजीत लिहायचं होतं. गुरुजींचं इंग्रजी जुन्या शाळेतलं, घट्ट, आणि माझं वकिलीच्या अर्ध्या पुस्तकांमधलं. आम्ही कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे बसून तो अर्ज केला. एक प्रश्न होता, प्रकल्पाच्या अखेरीस लाभार्थ्यांच्या वर्तनात मोजता येण्याजोगा कोणता बदल अपेक्षित आहे? लाभार्थी आत बसलाय, त्याला आधी बाहेर काढा, मग वर्तन मोजू, असं लिहायचं माझ्या अगदी मनात आलं होतं. गुरुजींनी काहीतरी सभ्य लिहिलं. दिल्लीत बसून धसईच्या माणसाचं वर्तन मोजणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण शेळ्यांना चारा तिथूनच येणार होता.

अर्जासोबत दोन गोष्टी लागत होत्या, पोलिसांची शिफारस आणि ग्रामसभेचा ठराव.

पोलिसांकडे मी गेले. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही. साहेबांनी अर्ज चाळला आणि हसले. "मॅडम, म्हणजे आम्ही पकडायचं, तुम्ही सोडवायचं, आणि शिफारस पण आम्हीच करायची?"

मी म्हटलं, "हो साहेब. योजनाच तशी आहे."

मला वाटलं होतं हाकलून देतील. पण त्यांनी शिफारस दिली. चांगली पानभर दिली. बाहेर येऊन मी व्हरांड्यात ती वाचली. लिहिलं होतं, सदर प्रकल्पामुळे वाड्यांवरील लोकांमधील चोरी करण्याच्या उपजत प्रवृत्तीस आळा बसण्यास मदत होईल. उपजत. मी परत आत जायला निघाले होते. दारावरच्या हवालदाराने विचारलं, "काय राहिलं बाई?" मी तशीच स्टँडवर आले.

गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून फायलीत ठेवला. मी म्हटलं, हे लावायचं नाही. ते म्हणाले, "लावायचं. त्यांचा शब्द आहे, आपला नाही. पोरगा आत आहे." त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त संताप आला.

आता ठराव राहिला. वाडी ज्या गावाच्या ग्रामपंचायतीत येत होती, तिथे प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या, मुलं पळाली आणि शाळेच्या त्याच अंगणात सभा बसली. खुर्च्यांवर सरपंच आणि ग्रामसेवक, समोर सतरंज्यांवर गावातले शेतकरी, आणि मागे कंपाउंडच्या भिंतीला टेकून उकिडवी बसलेली वाडी. ती सतरंजीवर जागा असली तरी तिथेच बसायची. ती मावशीही आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मीच तिला यायला सांगितलं होतं, म्हणजे ठरावाला चार हात जास्त वर होतील.

ग्रामसेवक नवा होता, घाईत होता आणि त्याला नाकात बोलायची सवय होती. त्याने आमचा मसुदा भराभर वाचला. केंद्र शासनाच्या योजनेअंतर्गत, वाडीवरील गरीब व्यक्तींकरिता, प्रत्येक गावी जामीनदार तयार करणे. त्याच्या नाकातून ते आलं जमीनदार.

सतरंजीवर आधी हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आमाला बी करा गुरुजी, आमी तयार हाव." मग हसणं थांबलं. तिथल्या माणसांना एक गोष्ट पक्की माहीत होती आणि आम्हाला ती माहीत असून आम्ही विसरलो होतो. ती वाडी ज्या माळावर होती, तो माळ सातबाऱ्यावर गावातल्या तीन-चार घरांच्या नावावर होता. वाडी तिथे आजोबा-पणजोबांपासून, पण नाव शेतकऱ्यांचं. केंद्राची योजना, गरिबांना जमीन, हे शब्द एकत्र आले की त्या घरांची झोप उडायची.

एक जण उठून उभा राहिला. "कुनाची जमीन देताव? सरल सांगा."

गुरुजी उठले. "अरे, जमीन नाही. जामीन. जा. ज ला काना."

आणि तेवढ्यात भिंतीजवळून ती उठली. आपल्यासाठी गुरुजी एकटे भांडतायत, आपण गप्प कसं बसायचं, असं तिला वाटलं असणार. पदर डोक्यावर ओढून ती मोठ्याने म्हणाली, "गुरुजी खोटं नाय बोलत. मंजूर झालीच हाय. माझ्या पोराला कोर्टानंच मंजूर केली, मीच ऐकून आली."

सतरंजीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी तिच्या दिशेने हात हलवत होते, खाली बस म्हणून, आणि तिला वाटलं मी शाबासकी देतेय. ती हसली.

मग जो गोंधळ झाला त्यात कुणाचंच धड ऐकू आलं नाही. कोर्टातून परस्पर जमीन काढून घेतली, गुरुजींनी दलाली केली, असंही कुणी बोललं. गुरुजींनी तिथे चाळीस वर्षं शिकवलं होतं. सतरंजीवरच्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले. ते पुन्हा पुन्हा फळ्यावर शिकवल्यासारखं जा, जा म्हणत होते. शेवटी पुढे बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, काना आसो का नसो. उतारा आमचाच लागनार ना?"

गुरुजी म्हणाले, "हो. उतारा लागेल."

"मंग झालं."

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब. पुढची सभा महाराष्ट्र दिनाला. परतीच्या गाडीत गुरुजी मसुद्यातल्या जामीनदार शब्दाखाली रेघा ओढत बसले. मला त्या ग्रामसेवकाचं नाक उपटून हातात द्यावंसं वाटत होतं. मावशीवर मला रागावता येत नव्हतं. तिने स्टँडपर्यंत येऊन आम्हाला ओंजळभर बोरं दिली होती आणि विचारलं होतं, "बराबर बोलली ना मी?"

मी हो म्हटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला घेऊन मी कल्याणला भेटीला गेले. तिने त्याच्यासाठी उकडलेले करांदे, त्यांच्या रानातले कंद, बांधून आणले होते. शिपायाने ते बाहेरच ठेवायला लावले. जाळीपलीकडे तो आला. मी त्याला कोर्टात लांबून पाहिलं होतं, इतका लहान वाटला नव्हता. विशीचा असेल. मान डाव्या बाजूला जरा खरचटलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाला, खाज. त्याची आई जाळीला बोटं लावून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सांगत राहिली, मला अर्धंच कळलं. कोंबडी, शेजारच्या पोरीचं लग्न, छपराचा पेंढा.

मग तो मला म्हणाला, "ताई, हितली मानसं सांगत्यात, कबूल कर. जितका बसलास तितकीच सजा देतील आन सोडतील."

हे खरं होतं. तुरुंगात असली माहिती वकिलांपेक्षा पक्की असते. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, सुटशील, पण चोर म्हणून सुटशील. गुन्हा तुझ्या नावावर लागेल आणि तो पुसता येत नाही. पुढे कुठेही काही गेलं की आधी तुझं दार वाजेल. मे महिन्यात ठराव झाला तर जामीन राहणारा माणूस मिळेल, खटला लढता येईल.

"मे," तो म्हणाला. त्याने बोटांवर काही मोजलं नाही, फक्त तो शब्द म्हटला. मग म्हणाला, "लागू दे ताई. आमच्या नावावर दुसरं काय हाय?"

त्याने हे हसत म्हटलं होतं, टोमणा म्हणून नव्हे. मला मात्र बाहेर आल्यावर रडू आलं. मावशीने मला रस्त्याकडेच्या नळावर पाणी पाजलं.

पुढच्या तारखेला त्याने गुन्हा कबूल केला आणि आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून त्याला सोडलं. शिमग्याला तो वाडीवर होता. आई इतकी आनंदली की ती पुन्हा दोन गाड्या बदलून आम्हाला सांगायला आली. गुरुजींनी पेढे आणले. आम्ही ते खाल्ले.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठराव एका मिनिटात पास झाला. गुरुजींनी जामीनदार शब्दच काढून टाकला होता, त्या जागी हमी देणारे सज्जन असं घातलं होतं. शिवाय आता वाडीवरचं कोणी आत नव्हतं, म्हणजे कुणालाही लगेच उतारा काढायचा नव्हता. टाळ्याही वाजल्या. अर्ज जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला. प्रत्येक ठिकाणी त्याला एक त्रुटी सापडली आणि आम्ही ती भरून काढली. शतक बदललं. गिरणीवाल्याने विजेची नवी चक्की बसवली आणि टेबल थरथरायचं थांबलं. मग एक दिवस अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं.

आमच्याकडे लोखंडी कपाट आलं, कॉम्प्युटर आला, दारावर योजनेचं नाव लिहिलेला निळा फलक लागला. कल्याणहून येणारा एक तरुण वकील नेमला, हुशार आणि प्रामाणिक मुलगा. धसई भागातले दोन शेतकरी खरोखरच हमीला तयार झाले. त्यात तो उतारा आमचाच लागणार ना म्हणणारा म्हातारा होता. त्याने का होकार दिला, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पहिल्या काही महिन्यांत आम्ही चार-पाच पोरांना सोडवलं. ही गोष्ट मी लपवत नाही, ते पैसे वाया गेले नाहीत. त्यातला एक आज रिक्षा चालवतो, दिसला की थांबतो.

पण मंजुरीच्या पत्रासोबत अटी होत्या, आणि एक अट आमच्या अर्जात कुठेच नव्हती, दिल्लीने घातली होती. लाभार्थी प्रथमच आरोपी झालेला असावा. यापूर्वी दोषी ठरलेल्या व्यक्तीवर अनुदानातून खर्च करू नये. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला बहुधा सराईत गुन्हेगार डोळ्यांसमोर दिसत असतील.

अनुदान आलं त्याच वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी मावशी आली. तिला जिना चढवेना, मी खाली गेले. एका शेतावरची विजेची तार कापून नेली होती, आणि सकाळी पोलीस सरळ त्याच्या झोपडीवर आले होते. तो घरात भात जेवत होता, ती म्हणाली, ताट तसंच राहिलं. या वेळी तिने जमीन हा शब्द काढला नाही. तिने विचारलं, "बाय, तुमचा वकील आला म्हनत्यात. त्याला सांगाल?"

मी वर गेले आणि गुरुजींना म्हटलं, वकील द्यायचा. गुरुजींनी कपाटातून मंजुरीचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, मला पाठ आहे. ते म्हणाले, "ऑडिटमध्ये एक नाव सापडलं तर सगळं अनुदान परत. आत असलेल्या बाकीच्यांचं काय?" मी म्हटलं, ज्याच्यासाठी मागितलं त्यालाच देता येत नसेल तर मागितलं कशाला? ते चष्मा पुसत बसले. गुरुजी तेव्हा मला फार म्हातारे दिसले. मी आमच्या वकिलाला बाजूला घेऊन विचारलं, असंच, फुकट, माझ्यासाठी. तो तयार होता. पण योजनेच्या कामावर असताना बाहेरचा खटला घ्यायचा नाही, अशी त्याच्या नेमणुकीचीच अट होती, आणि त्याच्या घरी तो एकटा कमावता होता. त्याने मान खाली घातली. त्याला मी काय म्हणणार होते?

मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडेही गेले. तो म्हणाला, "योजनेतला असंल तर उभा राहतो. ह्यो सजा झालेला हाय. उद्या माझ्या उताऱ्यावर बोजा चढला तर पोरं मला घराबाहेर काढतील." त्याने मला जेवूनच जा असा आग्रह केला.

आरोप वाचून दाखवायच्या दिवशी मी कोर्टात गेले. सरकारी खर्चाने मिळणारा वकील कागदावर होता, तो दुसऱ्या कोर्टात अडकला होता. आमचा वकील मात्र तिथेच पहिल्या बाकावर होता, आमच्या दुसऱ्या एका लाभार्थ्याची फाइल मांडीवर घेऊन. मावशी बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिला आत यायला मी सांगितलं, पण ती नको म्हणाली. आत मला कायबाय ऐकू येतं, असं म्हणाली.

त्याला आणलं. दोन वर्षांत तो रुंद झाला होता, दाढी आली होती. मला बघून त्याने ओळखीची मान हलवली. न्यायाधीश साहेब नवीन होते, तरुण, चांगल्या वळणाचे. त्यांनी कागद हातात घेतला आणि तुझ्यावर असा आरोप आहे की, इथपर्यंत आले.

"कबूल हाय साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. "अजून वाचलेलं नाही मी."

"व्हय साहेब." तो हात जोडून उभा राहिला.

"तुझ्यावर कशाच्या चोरीचा आरोप आहे, ते तरी माहीत आहे का तुला?"

तो गोंधळला. उत्तर चुकलं तर सुटका लांबेल, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याने मान वळवून शेजारच्या हवालदाराला हलक्या आवाजात विचारलं, "या टायमाला काय हाय?"

"तार," हवालदार ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तो पुन्हा साहेबांकडे वळला.

"तार, साहेब. कबूल हाय."